परत

"एक कमी आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा डोक्यावर सारला. "शनिवारी पुन्हा मोजू. तेव्हाही कमी भरलं, तर ठरल्याप्रमाणे."

ठरल्याप्रमाणे म्हणजे कपाटांना कुलूप. शाळेची ग्रंथपाल होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याआधी वीस वर्षं मी एका दवाखान्यात जुन्या केसपेपरांची खोली सांभाळली, त्यामुळे हरवलेल्या वस्तूची मला भीती वाटत नाही, रागच येतो. इथे आल्या आल्या मी जाहीर करून टाकलं, की यापुढे मोजक्याच मुलांनी नव्हे, ज्याला हवं त्याने पुस्तक घरी न्यावं. मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं आणि अट घातली : मोजणीत एकही पुस्तक कमी पडता कामा नये. मी ऐटीत हो म्हटलं होतं.

कमी होतं ते समुद्रातल्या प्राण्यांचं जाडजूड पुस्तक. नोंदवहीत सातवीतल्या एका मुलीच्या नावापुढे, आधीच्या ग्रंथपालांच्या सुबक अक्षरात, सात वेळा 'परत' लिहिलं होतं. म्हणजे पुस्तक आलेलं होतं आणि गायब झालं ते माझ्या कारकिर्दीत. दोन दिवस मी कपाटं पालथी घातली. शिपाईमामा म्हणाले, फाटलं म्हणून लिहून टाका, कोण बघतंय. मलाही क्षणभर तो मोह झाला, म्हणूनच मी मामांवर खेकसले.

शेवटी निवृत्त ग्रंथपालांना फोन लावला. आधी त्यांनी माझीच शाळा घेतली, मग नोंद ऐकून हसायला लागले.

"अहो बाई, परत म्हणजे परत नेलं. पुन्हा. आलं की मी 'जमा' लिहितो."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्या ओळींत 'जमा' होतंच की. मी दोन्हींचा अर्थ एकच धरून चालले होते. तशीच मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सांगितलं, पुस्तक हरवलेलं नाही, मलाच नीट वाचता आलं नाही. त्या म्हणाल्या, मग शनिवारी ते मोजणीला हजर पाहिजे.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावलं. पुस्तक आणते म्हणाली, पण पाय निघेना.

"बाबा वाचायला शिकतायत," ती हळूच म्हणाली. "छोट्या मुलांची पुस्तकं हातात घ्यायची लाज वाटते त्यांना. हे मोठ्यांचं दिसतं ना. एकसष्टाव्या पानावर आलेत."

तिला म्हटलं, शनिवारी पुस्तक बाबांनाच घेऊन यायला सांग.

शनिवारी ते आले. वेल्डर होते, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरीची चूक नाही बाई. मीच सोडत नव्हतो." मी म्हटलं, मोजणी होईपर्यंत वेळ आहे, बसा, पुढचं पान वाचा. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग खुर्चीच्या कडेला टेकले.

मुख्याध्यापिका यादी घेऊन आत आल्या तेव्हा ते एका शब्दावर अडले होते. कुणाचा आवाज आला म्हणून थांबावं, इतकंही भान त्यांना नव्हतं.

"स... समुद्र... समुद्रत..."

आमच्या मुख्याध्यापिका अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि पेन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"...तळाशी. समुद्रतळाशी."

मुख्याध्यापिकांनी यादीवर खूण केली. पुस्तक त्या वडिलांच्याच हातात राहू दिलं आणि त्या पुढच्या कपाटाकडे वळल्या.