पाझरतं मडकं

सोराज्य आलं, शेलूबाजारपर्यंत मोटार आली, पण आमच्या वाडीत पाणी काही आलं नाही. हीर अर्धा कोस दूर. अशात मी अंगणात बाग लावायची म्हटलं, तं आमचा मालक हासला.

"मोते, म्हशीले पुरत नाही अन् तुले बाग? वैशाख सरेपर्यंत ते निंबू जगलं तं अंगण तुयं. नाही तं तिथं म्हैस बांधतो."

निंबूचं ते रोप माह्या मायच्या अंगणातलं. माय गेल्यावर तेवढंच माह्या हाती आलं. तिथं म्हैस? जीव गेला तरी नाही!

मग काय, पदर खोसला. न्हाणीचं पाणी धोप्याच्या, म्हंजे आळूच्या, पानांले वळवलं, भांड्यांचं वांग्यांले. मातीवर कुटार-भुसा पसरला, ऊन लागू नये म्हणून. निंबासाठी शेलूबाजारात उस्मानभाईच्या दुकानी गेली. बाकी बाया मडकं वाजवून पक्कं पाहत होत्या. मी म्हटलं, "मले पाझरतं द्या." तो पाहतच राह्यला. तीन मडकी निंबाभवती गळ्यापर्यंत पुरली, वर झाकणं ठेवली. भरून ठेवलं की झाड आपलं हळूहळू पिऊन राह्यते.

चैतात नणंदेचं बाळंतपण निघालं. "मडकी रिकामी ठेवू नका," मालकाले बजावलं अन् गेली. महिन्यानं आली तं मडकी काठोकाठ, अन् निंबाची अर्धी पानं खाली.

"पाणी नाही टाकलं?"

"टाकलं ना! पण उस्माननं तुले फसवलं होतं. भरलं की चार दिवसांत रिकामं. मी उकरली, आतून राळ लावली, पुन्हा पुरली. आता थेंब जात नाही!" छाती फुगवून सांगे.

मी कपाळावर हात मारला. "अहो, ती पाझरायसाठीच होती! मायचं झाड मारलं तुमी!" अन् मटकन बसून रडली.

बाप्पा! एवढंसं तोंड झालं त्याचं. त्यानं मडकी उकरली, दाभण फिरवून फिरवून बुडांले भोकं पाडली, पाणी हळूहळू झिरपावं म्हणून त्यात चिंध्या कोंबल्या. मग रोज माह्या आधी उठून फांद्या पाहे. वैशाख सरता सरता ओरडला, "मोते, कोंब!" म्हैस त्यानंच मांगच्या बाजूले नेली.

पुढच्या बाजारी मालक उस्मानभाईच्या दुकानात मडकं उलटंपालटं करून म्हणे, "हे नाही पाझरत. दुसरं दाखव."

"भाऊसिंग, डोकं फिरलं काय?" उस्मानभाई म्हणे.

सारा बाजार हासला. मालक नाही हासला. वळून मलेच पुसे, "मोते, हे पुरेसं गळीन ना?"