निंगव्वाच्या गुडघ्याचा आळ माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे, बागलकोटजवळच्या गुळेदगुड्ड गावचा, सागवानी. तुमच्या आज्यांच्या चोळ्यांचे खण माझ्यासारख्यांनीच विणले. कौतुक खूप झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, आणि ती मी रागानेच सांगणार आहे.

निंगव्वा लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायची. ती पायाखालच्या पावड्या अशा लयीत दाबायची, की आडवा धागा नेणारा धोटा आपसूक धावे. चाळिशी उलटल्यावर तिला साखरेचा आजार जडला आणि उजवा गुडघा कुरकुरू लागला. नवरा चन्नप्पा तिला बाजारातल्या एका माणसाकडे घेऊन गेला. दारावर डॉक्टरची पाटी होती, शिक्षण कुणी विचारलं नाही. त्याने थेट गुडघ्यात सुई टोचली.

थोड्याच दिवसांत गुडघा टम्म फुगला, लालभडक झाला. हुडहुडी भरून ताप आला. पावडीवर पाय टेकताच निंगव्वा किंचाळली.

"वात आहे, तेल चोळ," चन्नप्पा म्हणाला. "सणाचे खण कोण विणणार?"

शेजारीण गौरव्वा म्हणाली, "मागानंच पाय धरलाय, अक्का. बाधा आहे."

बाधा! माझ्यावर लिंबू-मिरच्या बांधल्या, आणि तिकडे गुडघ्यात पू वाढत राहिला.

शेवटी नणंद यल्लव्वा आली. पाय बघताच भावावर कडाडली, "दादा, डोळे आहेत का बटणं? वैनी तापाने बरळतेय! गाडी आण."

बागलकोटच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते यल्लव्वाने नंतर घरी सांगितलं, "सांध्यात पू झालाय आणि हाडातही शिरलाय. आधीच आणायला हवं होतं. आता सांधा धुवायचा, हाडाचा सडका भाग काढायचा. औषधं कित्येक आठवडे चालतील. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाहीत."

कपडे न्यायला घरी आलेल्या चन्नप्पाने सगळा राग माझ्यावर काढला. माझ्या खांबावर कुऱ्हाड घातली. मी मुका. काय बोलणार?

निंगव्वा परतली ती काठी टेकत. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. माझ्या खांबावरून हात फिरवताना ती थबकली.

"हे कुणी केलं?"

"मीच. राग आला होता."

"मागावर? सुई त्यानं मारली? तेल चोळायला त्यानं सांगितलं? मी ओरडत होते, तेव्हा कुठं गेला होता तुझा राग?"

चन्नप्पाने सुतार बोलावून माझा खांब नीट करून घेतला. आता पावड्यांवर तो स्वतः बसतो. निंगव्वा शेजारी बसून त्याच्या चुका काढते.

परवा गौरव्वाच्या नवऱ्याचा खुबा ठणकू लागला. ताप चढला, पाऊल टेकवेना. गौरव्वा तेल गरम करत होती. निंगव्वा काठी आपटत तिच्या दारात गेली.

"वाटी खाली ठेव, गौरव्वा. गाडी बोलावलीय. मीही येतेय."

मित्रांनो, माझं लाकूड चिरलं तर सुतार नवं बसवतो, तुमच्या हाडाचं तसं नाही. तुमच्या घरात कुणाचा सांधा असा सुजला, तापला, अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी खऱ्या डॉक्टरकडे न्या. आणि कृपा करून लाकडाला दोष देऊ नका.