बनवणाऱ्यांची पाच लायसन्सं

आमच्या चिकू उत्पादक संघात कोणतीही वस्तू आली की तिचे पाच भाग होतात, कारण संचालक पाच आहेत. खतवाल्यांच्या छत्र्या पाच, दिवाळीच्या डायऱ्या पाच, पेढ्यांचे पुडे पाच. मी, जयश्री, संघाची क्लार्क, म्हणजे वाटप करणारी. दहा वर्षं वाटतेय आणि कोणाला काही कमी पडू दिलेलं नाही. तरी सॉफ्टवेअरच्या लायसन्सांचंही तेच होईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तोवर डोकं चालायचंच बंद झालं होतं म्हणा.

सगळं सुरू झालं तलासरीच्या केंद्रावरून. तिथे शुक्री आणि तिच्याबरोबरच्या अकरा बायका चिकू धुतात, निवडतात, क्रेटमध्ये भरतात. आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक माल तिथे आणून टाकतात. कोणाची दहा झाडं, कोणाची वीस. केंद्र बंद झालं तर त्यांना माल घेऊन डहाणूपर्यंत यावं लागेल, आणि दहा झाडांसाठी एवढं कोणी येत नाही. त्या बारा बायकांनी मग पहाटे उठून गुजरातेतल्या कंपन्यांच्या गेटवर उभं राहायचं. जानेवारीच्या सभेत नेमकी केंद्र बंद करायचीच गोष्ट निघाली. तलासरीचा माल डहाणूच्या गोदामात येईपर्यंत नरम पडतो, पाचातला एक क्रेट बाजूला काढावा लागतो. मार्चच्या सभेत केंद्र बंद करायचा ठराव घेऊन टाकू, असं ठरलं.

मला ते पटलं नाही. मी तेव्हा एका सॉफ्टवेअरची तीस दिवसांची फुकट प्रत कॉम्प्युटरवर घेतली होती. त्यात आपले आकडे टाकले की ते आलेख काढून देतं, कशाचा कशाशी संबंध आहे ते दाखवतं. तलासरीचे आकडे टाकले तर एक गंमत दिसली. सोमवारी तलासरीचा माल चांगला येत होता. एकही क्रेट नरम नाही. मंगळवारपासून पुन्हा तेच. आता सोमवारी झाडांना काही वेगळी फळं लागत नाहीत आणि बायकांचे हातही तेच असतात.

मी तो आलेख छापून अध्यक्षांकडे नेला. नविनभाई सावे, सरावलीला मोठी वाडी. माणूस वाईट नाही, पण शब्दाला उलट उत्तर आलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी कागद उजेडात धरला. त्यावर आडवी फिकट अक्षरं उमटली होती, 'चाचणी प्रत'.

"हा फुकटातला कागद आहे," ते म्हणाले. "यावर संघाचा निर्णय घ्यायचा? विकतचं घे. रीतसर घे."

रीतसर म्हणजे तीन दरपत्रकं. पहिली कंपनी परदेशातली, सॉफ्टवेअर उत्तम, पण पैसे फक्त क्रेडिट कार्डावर घेणार. संघाकडे क्रेडिट कार्ड नाही, चेकबुक आहे, आणि त्यावर दोन सह्या लागतात. खजिनदार दिपकभाई लेकीकडे वलसाडला जाऊन बसलेले. दुसरं सॉफ्टवेअर स्वस्त होतं, पण त्यात ट्रकवर बसवलेल्या जीपीएसची माहिती घेता येत नव्हती, आणि माल नरम पडतो तो वाटेतच पडत असणार असा माझा अंदाज होता. फुकटच्या प्रतीतही ती सोय बंद ठेवलेली. तिसरं दरपत्रक वापीच्या एका एजंटाचं. सॉफ्टवेअर त्या परदेशी कंपनीचंच, पण हा चेक घ्यायला तयार.

या एजंटाचा माणूस म्हणजे जतीन. महिनाभर मी घरच्यांशी बोलले नसेन तेवढं जतीनशी बोलले. जीएसटीचा दाखला पाठवा. पाठवला. त्यावरचा पत्ता जुना आहे. नवीन पाठवला. ठरावाची प्रत पाठवा. पाठवली. शिक्का पुसट आलाय, पुन्हा मारून पाठवा. मी शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला. त्यात सरावलीच्या बाजूची लाइट दुपारभर गेली की मसोलीच्या आमच्या ऑफिसपर्यंत सगळ्यांचं नेट गेलेलं असायचं. रात्री घरी गेले की नवरा विचारायचा, झालं का? मी जेवायला बसायचे.

शेवटी जतीनने नीट समजावून सांगितलं.

"बेन, लायसन्स दोन जातीचं असतं. एक बनवणाऱ्याचं, एक पाहणाऱ्याचं. बनवणाऱ्याचं महाग. ते एकच घ्या, तुमच्या नावावर. साहेब लोकांना पाहणाऱ्याची पाच घ्या. तुमचं काम पण होईल, खर्च पण कमी."

मी हे जसंच्या तसं संचालकांसमोर ठेवलं. माझी चूक तिथेच झाली.

उपाध्यक्ष लाहूभाऊंनी चष्मा काढला. "म्हणजे आम्ही नुसतं बघायचं?"

"रिपोर्ट तयार करायचं काम मीच करते ना भाऊ, म्हणून," मी म्हटलं.

"काम तूच करतेस, त्याला कोण नाही म्हणतंय," नविनभाई म्हणाले. "पण कागदावर काय दिसेल? क्लार्क बनवणार आणि संचालक पाहणार. बाहेरचा माणूस बघेल तर काय म्हणेल? बनवणाऱ्यांचीच पाच घे. पाचही जणांच्या नावावर."

"आणि माझं?"

"तू तर ऑफिसातच असतेस. तुला वेगळं कशाला?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. मी सहावं लायसन्स मागितलं असतं तर सहाव्या छत्रीसारखंच ते वाटलं असतं. मी गप्प बसले, कारण सभा होती दहा दिवसांवर आणि मला पुन्हा तीन दरपत्रकं मागवायची नव्हती.

पाच लायसन्सं आली. पाचही जणांचे ईमेल मीच उघडून दिले, पासवर्डच्या चिठ्ठ्या पाकिटात घालून घरपोच केल्या. लाहूभाऊंनी पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. दिपकभाईंनी विचारलं, याची मुदत संपली की काही परत मिळतं का? एकानेही ते सॉफ्टवेअर उघडलं नाही. मी जतीनला फोन करून एक लायसन्स माझ्या नावावर करता येईल का विचारलं. तो म्हणाला, "नव्वद दिवस नाव बदलत नाही, बेन. मी तर तुम्हाला सांगितलं होतं."

मग मी नविनभाईंनाच म्हटलं, तुमच्या नावाने मी काम करते. ते लगेच हो म्हणाले. अडचण एवढीच की रोज सकाळी आत शिरताना सहा आकड्यांचा ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा. ते वाडीत आणि फोन घरी चार्जिंगला. तो उचलायच्या चंद्रिकाकाकी, त्यांची बायको.

"घे गं, लिही. चार, सात, सात, बे, शून्य, बे." काकी घोलवडच्या, लहानपणी गुजराती शाळेत गेलेल्या, त्यामुळे आकडा घाईचा असला की गुजरातीत निघायचा. "रोज रोज काय करतेस गं या नंबरांचं? दुसरे नंबर मिळत नाहीत का?"

चौथ्या दिवशी जीपीएसची माहिती जोडली गेली. ट्रक तलासरीहून साडेअकराला निघतो. सव्वा वाजता सरावलीला थांबतो, साडेतीनला हलतो. सव्वादोन तास, उन्हात, वर ताडपत्री. रोज. फक्त सोमवारी वीस मिनिटं. आणि थांबायची जागा नकाशावर लाल ठिपक्याने दाखवली होती. नविनभाईंच्या वाडीचं फाटक.

मी खुर्चीत मागे टेकले. खरं सांगते, आनंद झाला नाही. आता हे कोणाला आणि कसं सांगायचं, एवढंच मनात आलं. माझी नेमणूक दरवर्षी एप्रिलमध्ये नवी होते आणि त्यावर सही नविनभाईंची असते.

दुसऱ्या दिवशी ओटीपी सांगून झाल्यावर काकींनी पुन्हा तेच विचारलं, आणि मी बोलून गेले. ट्रक तुमच्या फाटकावर दोन तास का उभा राहतो, काकी?

पलीकडे काकींनी आधी दार लोटल्याचा आवाज आला.

"ते जेवून झोपतात ना," काकी म्हणाल्या. "आपला माल ते स्वतः उभे राहून चढवतात, दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. ड्रायव्हर बिचारा विचारतो, उठले का? मी कशी उठवू? उठवलं तर दिवसभर घरात राग."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी उपास असतो त्यांचा. दूध आणि केळी. पोट भरल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही, माहीत नाही का तुला?"

मला माहीत नव्हतं. तलासरीच्या बारा बायकांचं काम अध्यक्षांच्या दुपारच्या झोपेखाली दबलं होतं आणि मी वापीच्या जतीनला शिक्के पाठवत बसले होते. मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. मी फोन ठेवला.

त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक रिपोर्टवर खाली आपोआप छापलं जातं, 'तयार करणार', आणि ज्याचं लायसन्स त्याचं नाव. ते पुसता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. रिपोर्ट छापला. आठ पानं. सभेच्या आदल्या दिवशी नविनभाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "भाई, एकदा वाचून घ्या."

"तू केलंयस ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याला भीती म्हणा किंवा आणखी काही म्हणा.

सभेत पडद्यावर आलेख लावला होता. नविनभाई उभे राहून मोठ्याने वाचत होते. सोमवारचं वाचलं तेव्हा लोक ताठ बसले. मग, "सरावली थांबा, सव्वादोन तास," असं वाचलं आणि ते थांबले. पुढच्या ओळीत जागा लिहिलेली होती. ती त्यांनी वाचली नाही, पण पडद्यावर ती सगळ्यांना दिसत होती.

लाहूभाऊंनी चष्मा लावला, पडद्यावर खालपर्यंत पाहिलं. "नविनभाई, हे तुम्ही बनवलंत?"

नविनभाईंनी आपलं नाव पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटल्या सरळ करत होते. एप्रिल महिना डोळ्यांसमोर उभा होता.

"हो," ते म्हणाले. "मीच बनवलंय."

"स्वतःच्याच वाडीची चूक स्वतः काढली," दिपकभाई म्हणाले. "असं कोण करतं आजकाल?"

मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. नविनभाई बसले, पुन्हा उभे राहिले, आणि म्हणाले की उद्यापासून गाडी सरावलीला थांबणार नाही, माझा माल मी माझ्या टेम्पोने पाठवीन. केंद्र चालू ठेवायचा ठराव एकमताने झाला. 'मा. अध्यक्षांनी केलेल्या सखोल अभ्यासावरून' असं मी माझ्याच हाताने इतिवृत्तात लिहिलं.

सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. वाटलं, आता राग निघतोय. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी एकच घे लायसन्स. तुझ्या नावाने." आणि उन्हासाठी आणलेली छत्री विसरून निघून गेले.

मला त्याचं बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. महिन्याभराचा शीण थोडा उतरल्यासारखा झाला. ही बातमी आपण स्वतः द्यायची म्हणून मी तलासरीला शुक्रीला फोन लावला. केंद्र बंद होणार नाही, गाडी आता वाटेत थांबणार नाही, सगळं सांगितलं. सोमवारचं कोडं कसं सुटलं तेही, जरा फुशारकीनेच, सांगितलं.

शुक्रीने ऐकून घेतलं. मागे बायकांचा आवाज, पाण्याचा आवाज.

"बरा जाला बाय," ती म्हणाली. "पन तां त आमाला ठावा व्हता. गाडी परत येते तवा ड्रायव्हर रोजच सांगतो, शेठ झोपलेला. सोमवारी लवकर येते."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कदी येशील त सांगीन म्हनला," शुक्री म्हणाली. "फोनवर त तू निसता क्रेटच इचारतेस, किती भरलं, किती भरलं."

तिचा आवाज रागाचा नव्हता. केंद्र सुरू होऊन तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तलासरीला दोनदा गेले होते, एकदा उद्घाटनाला आणि एकदा वजनकाट्याच्या पूजेला, आणि दोन्ही वेळा संचालकांच्या गाडीतून त्यांच्याबरोबरच परत आले होते.