लख्ख नाणं

"हे घासलं कुणी?" जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने भिंग खाली ठेवत विचारलं.

"मीच," धक्क्यावर नावेची तिकिटं देणारा बाबू घाईघाईने म्हणाला.

"कशाला हात लावलात हो? अहो, त्या काळपटपणाचेच तर पैसे! कालपर्यंत सोनं होतं, आज नुसतं तांबं."

बाबू कसनुसं हसला. धुक्यातून आलेल्या कुण्या उतारूने ते सुट्ट्या पैशांत दिलं होतं. स्वतःचं नाणं गल्ल्यात टाकून बाबूने ते उचललं. नदी धुक्यात बुडाली की खिडकीत बसून तो ते बोटांत फिरवत राही. किती मुठींतून, किती फाटक्या खिशांतून आलं असेल बापडं! फिरवता फिरवता त्याला समुद्र दिसू लागे. हे विकून येतील त्या पैशांत बायकोला तिथे न्यायचं, वाळूवर बसायचं, काही म्हणजे काही बोलायचं नाही. जन्मभर लोकांना पलीकडे जायची तिकिटं फाडून दिली, पण तिला कुठे म्हणून नेलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटे.

आणि आज सकाळी तिनेच ते लिंबूराखेने घासून, रुमालात बांधून त्याच्या हातावर ठेवलं होतं. "असलं कळकट घेऊन चारचौघांत जाऊ नका. लोक मला नावं ठेवतील." काहीतरी बिघडलंय हे त्याला तेव्हाच जाणवलं होतं. पण तिचा चेहरा इतका खुलला होता की त्याच्याने बोलवेना.

तो परतला तेव्हा ती दारातच उभी होती.

"अहो, काय म्हणाला?"

"म्हणाला, जुनं नाणं इतकं लख्ख कधी पाहिलं नाही."

"बघा! माझं कधी म्हणून पटत नाही तुम्हाला. मग, दिलंत?"

"नाही. हात धजावेना."

ती नाण्याकडे बघत राहिली. "आणि समुद्र?"

"जाऊ गं. तो कुठे पळून जातोय?"

"तेही खरंच म्हणा." तिने फडताळातून डबा काढला. सुट्ट्या पैशांतून त्याने वर्षानुवर्षं वेचलेली नाणी जमिनीवर ओतली. काळी, हिरवट, एकाहून एक जुनी. "हीही घासून ठेवते. पुढच्या खेपेला दोन तरी विका. सगळ्यांत जीव अडकवून कसं चालेल?"

त्याने काही सांगायला तोंड उघडलं. ती बाह्या सरसावून बसलीसुद्धा होती, गालातल्या गालात हसत.

त्याने लिंबू कापलं. मग तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि एकेक नाणं तिच्या हातात देऊ लागला.