आपली माहिती अपूर्ण आहे

रविवारची सकाळ होती. धाकटा भाऊ आणि भावजय भाजी आणायला गेले होते, आणि शिवणकाम करणारी मोठी बहीण त्यांच्या बाहेरच्या खोलीत भावाचा लॅपटॉप उघडून बसली होती. घरात सगळे तिला ताईच म्हणत. नवरा गेला तेव्हा भाऊ स्वतः तिला घेऊन आला होता. "माझं घर ते तुझं घर," म्हणाला होता, आणि चार वर्षं त्याने ते पाळलंही होतं. पण घर दोन खोल्यांचं. मशीन सकाळी मांडायचं, जेवायच्या वेळी उचलायचं, पाहुणा आला की कापडाचे गठ्ठे पलंगाखाली ढकलायचे. असं किती दिवस चालणार?

आता एका शाळेच्या गणवेशांचं वर्षभराचं काम तिच्याकडे चालून आलं होतं. अट एकच होती. दोन मशिनं कायमची मांडता येतील अशी स्वतःची जागा महिनाअखेरीला दाखवायची. महिना संपायला सहा दिवस उरले होते.

जागेचा मार्ग भावानेच दाखवला होता. घरं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. तिथे घर हवं असलेल्या माणसाने फॉर्म भरला की त्याचा एकेक रकाना नियमाला लावून तपासला जाई, आणि ते नियम लिहिणं हे भावाचं काम. वय भलतंच टाकलं किंवा फोनचा एक आकडा राहिला, तर तेवढाच रकाना लाल होई आणि खाली कारण येई. "तिथे वशिला चालत नाही, ताई," तो छाती फुगवून सांगायचा. "मशीन माणसाचं तोंड बघत नाही. नियमात बसलीस की घर तुझं."

ताईने फॉर्म भरला. एकदा नाही, चौदा वेळा भरला. दरवेळी तळाशी तीच ओळ यायची: 'आपली माहिती अपूर्ण किंवा चुकीची आहे. कृपया तपासून पुन्हा भरा.' रकाना मात्र एकही लाल होत नव्हता. भाऊ शेजारी बसून सुचवत राहायचा. फोटो जरा उजेडातला काढ. पत्ता सविस्तर लिही. सही पुसट आलीय. ती बिचारी दोनदा नवा फोटो काढून आली. "मला मेलीला एक गोष्ट धड जमेल तर शपथ," ती म्हणायची. भावजय चेष्टा करायची, "ताई, लग्नातसुद्धा एवढे फोटो काढले नसतील तुम्ही!" आणि तिघंही हसायची. भाऊही हसायचा.

त्या रविवारी घरात कुणी नव्हतं, म्हणून ताईने आपल्या पद्धतीने करायचं ठरवलं. कपडा अंगात बसत नसला तर ती सगळी शिवण उसवत बसत नसे. एक टाका सोडायचा, घालून बघायचा, नाही जमलं तर तो परत घालून पुढचा सोडायचा. तिने तसंच केलं. आधी फक्त व्यवसाय बदलला. तीच ओळ. तो पूर्ववत करून फक्त वय बदललं. तीच ओळ. मग गंमत म्हणून 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' केलं, आणि ओळ हिरवी झाली: 'आपली माहिती योग्य आहे.'

खालच्या रकान्यात 'विधवा / विधुर' तसंच होतं. म्हणजे बायको मेलेल्या पुरुषाला घर होतं. तिने पुन्हा 'स्त्री' केलं आणि 'विधवा'च्या जागी 'विवाहित' निवडलं. ओळ हिरवीच राहिली. फोटो तोच होता, पत्ता तोच आणि सहीही तीच.

दार उघडून भाऊ आत आला. "अरे वा! गेला का फॉर्म?" हिरवी ओळ त्याने लांबूनच पाहिली. मग त्याची नजर वरच्या 'विवाहित' या रकान्यावर गेली आणि भाजीची पिशवी हातातच राहिली.

"छोट्या, हा नियम कुणी लिहिला?"

"कंपनी सांगते तसं लिहावं लागतं गं. एकट्या बाईला घर दिलं की कटकटी होतात म्हणे. मी नसता लिहिला तर दुसऱ्याने लिहिला असता."

"एकट्या पुरुषाच्या कटकटी होत नाहीत?"

त्याने पिशवी खाली ठेवली.

"आणि रकाना लाल का होत नाही? बाकीचे तर होतात."

"कारण उघड दाखवायचं नाही असं ठरलं होतं. लोक बोंबाबोंब करतात."

"म्हणून हे 'अपूर्ण आहे'. हे वाक्यही कंपनीनेच दिलं?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "वाक्य माझं आहे. कुणाला लागू नये असं लिहिलं मी."

भावजय दारातच थबकली होती. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तुम्ही ताईंना फोटो काढायला पाठवत होतात?"

"मला वाटलं, दोन-चारदा भरून नाद सोडेल. तोंडावर कसं सांगणार होतो मी?" तो ताईकडे वळला. "जाऊ दे ना. आता हिरवं आलंय, तसंच पाठव. नवरा परगावी असतो म्हणून सांग. कोण बघायला येतंय?"

"माझा नवरा मेलाय, छोट्या. त्याला खांदा देणाऱ्यांत तू होतास."

तिने 'विधवा' निवडलं आणि त्याच्यासमोर पुन्हा बटण दाबलं. "वाच," ती म्हणाली. त्याने कसंबसं वाचलं. "आता यातलं खरं काय ते वाच."

"ताई, नको ना..."

"वाच."

"तुझा नवरा मेला," तो पुटपुटला, "म्हणून तुला घर नाही."

"घर न देणारे परके आहेत, त्यांना मी काय बोलू? पण चौदा वेळा तू माझ्या शेजारी बसलास. माझीच अक्कल कमी असं मला वाटू दिलंस." एवढं बोलून ती मशीन उचलायला गेली. भाऊ हात लावायला धावला, तर तिने त्याला बाजूला केलं. महिनाअखेरीला गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं. त्या रविवारनंतर ती भावाशी कामापुरतंच बोलू लागली.

वाचकहो, पूर्वी विधवेला दारातून परतवणारा निदान दारात उभा राहायचा. त्याचं तोंड दिसायचं, चार शब्द सुनावता यायचे. आता तोंडही लपवलं आहे, आणि अडाणीपणाचा शिक्का मारला आहे तो तिच्याच कपाळावर!

सोमवारी भाऊ कामावर गेला. नियम काढायचा अधिकार त्याला नव्हता, वाक्य बदलायचा होता. त्याने जुनं वाक्य पुसलं आणि लिहिलं: 'आपण स्त्री आहात आणि आपण विवाहित नाही, म्हणून ही कंपनी आपल्याला घर नाकारत आहे. आपल्या माहितीत कोणतीही चूक नाही.'

अकरा वाजेपर्यंत फोन खणखणायला लागले. साहेब तरातरा त्याच्या टेबलाशी आले. "कुणाला विचारून बदललंस? आत्ताच्या आत्ता जुनं घाल, नाहीतर उद्यापासून यायचं नाही!"

"नियम तुमचाच आहे, साहेब. मी फक्त तो वाचता येईल असा लिहिला. जुनं वाक्य मी घालणार नाही."

टेबलावरचा फोन वाजत होता. साहेबांनी हात पुढे करायच्या आत त्याने तो उचलला.

"हॅलो, मी दोन महिने हा फॉर्म भरतेय हो," पलीकडून एक वयस्क बाई बोलत होती. "माझा मुलगा म्हणतो, आई, तुला वाचताच येत नाही नीट. आज हे वेगळंच आलंय. हे खरं आहे का? म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं," तो म्हणाला, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. हेच वाक्य घरी, शेजारी बसून, त्याला चौदा वेळांत एकदाही बोलता आलं नव्हतं.