शांताराम, वर ये

माझ्या पोराने कॅसेट काढली तेव्हा पेढे वाटायचे सोडून मी त्याच्या अंगावर चप्पल भिरकावली. समुद्रकाठच्या आमच्या नवापुरात अजून सगळे सांगतात, प्रेमला म्हणजे नुसती आग. असेन मी आग. पण आधी ऐकून घ्या, मग काय ते बोला.

आत्माराम बोईसरला कारखान्यात कामाला. कुणाकडून तरी त्याने जुना कॅसिओ आणला. घरात माणसाला पाय पसरायला जागा नाही आणि हा त्या बाजाला खाटेवर निजवायचा, स्वतः खाली चटईवर. बटण दाबलं की ढोलकी आपोआप वाजते, माणूस लागतच नाही. वाजवणाऱ्याचे हातही दुखत नाहीत ते कसलं वाजवणं? तरी मी गप्प बसले. मग दोन मित्र धरून बोईसरच्या एका दुकानामागच्या खोलीत त्याने गाणी भरली, आणि त्यातलं एक गाणं साथीसारखं पसरलं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं ते बोईसरला, चहाच्या टपरीवर. मासळी विकून टोपली रिकामी झाली होती, जीव जरा निवांत होता. तेवढ्यात माझ्याच पोराचा आवाज आला, "शांताराम, पाणी थंड हाय रे, वर ये, वर ये." आणि खाली त्या कॅसिओचं टिक-टिक, ढिप-ढिप. बाकावर पाळी सुटलेला एक कामगार बसला होता. तो डोळे पुसत मला म्हणाला, "बहुत दर्द है, माँजी." अरे बाबा, तुला त्यातला एक शब्द कळत नाही आणि तू रडतोस? आणि त्याच ठेक्यावर टपरीवाला मान डोलावत कप विसळतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तसाच टाकून मी उठले.

शांताराम म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, दमयंतीचा नवरा. वादळात त्याची होडी कशीबशी परत आली, तो आला नाही. त्या दिवशी दमयंती गुडघाभर पाण्यात उभी राहून हेच शब्द ओरडत होती. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही; उखाण्यात घेईल तेवढंच. संसारभर 'मंदाचा बापूस' म्हणणाऱ्या माझ्या बहिणीच्या तोंडून ते नाव मोकळं सुटलं ते असं, तो गेल्यावर. तिची नणंद रंभाबाई तेव्हा धावली आणि तिच्या तोंडावर हात दाबून म्हणाली, "नाव नको घेव बाय, लोकं बघतात." त्यानंतर त्या घरात ते नाव पुन्हा निघालं नाही. आत्माराम तेव्हा लहान, माझा पदर धरून उभा होता. मला वाटलं होतं, पोर आहे, विसरून जाईल.

चप्पल चुकवून तो म्हणाला, "आये, माज्या डोक्यातून ता जातच नाय. मी काय करू?"

"म्हणून मावशीचं रडणं तू बाजारात मांडलंस? पोरं दारू पिऊन नाचतात त्यावर!"

"नाचतात ते. पण रडतात पण."

उलट उत्तर. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

दमयंतीच्या कानावर ते गाणं जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं. शेजारच्या घरी टेप लावला की मी जाऊन भांडायचे. बाजारात तेवढी माझी नजर पुरत नव्हती, कारण आमची इतक्या वर्षांची शेजारची जागा सोडून ती हल्ली पार तिकडे, गटाराच्या कडेला, कॅसेटवाल्याच्या गाडीसमोर जाऊन बसायची. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, दिवस मावळेपर्यंत बोंबील तसेच. विचारलं तर म्हणे, "हितं सावली हाय." सावली कसली, डोंबल! डोक्यावर ऊन रणरणायचं. मला वाटलं, कशावरून तरी ती माझ्यावर रुसली आहे. तेही गिळलं.

मग मंदाचं लग्न निघालं. दमयंतीची एकुलती एक मुलगी. हळदीला लाऊडस्पीकर घिवलीच्या रामूचा. मांडवात शिरल्याबरोबर मी त्याच्या पेटीतून ती कॅसेट शोधून काढली आणि कमरेला खोचली. "ही वाजली तर तुझा कर्णा समुद्रात," असं त्याला बजावलं.

मंदा पाटावर बसली. सवाष्णी हळद लावायला पुढे आल्या. दमयंती मागच्या पडवीत, वाटण-घाटणाच्या बायकांत. विधवेचा हात हळदीला लागू नये, ही रंभाबाईची व्यवस्था. आई असली म्हणून काय झालं! मला तेही खुपत होतं, पण माझं सगळं लक्ष कमरेच्या कॅसेटवर. पोरं ओरडायला लागली, "शांताराम लावा! शांताराम लावा!"

"लाज नाय वाटत?" मी कडाडले. "त्याच्या घरात, त्याच्या पोरीच्या हळदीला तुमी त्याच्या नावावर नाचणार?"

तेवढ्यात पडवीच्या दारातून दमयंती बाहेर आली. हात खोबऱ्याने माखलेले.

"प्रेमले, कॅसेट दे."

"बाय, तुला ठाव नाय ती कसली—"

"मना ठाव नाय?" तिचा आवाज चढला. उभ्या जन्मात मी तो तसा ऐकला नव्हता. "त्या गाडीसमोर उन्हात मी कशाला बसते मग? मासळी इकायला? दिवसातून कितींदा लावतो तो. तुमी मना त्याचं नाव घेव दिलं नाय. जिता होता तवा नाय, मेला तवा पण नाय. तुज्या पोरानं घेतलं, तर त्याच्यावर पण तू चप्पल उगारतेस?"

माझा हात कमरेच्या कॅसेटवर गेला.

"पोरीची हळद हाय," ती म्हणाली. "तिचा बापूस नको हितं?"

मी कॅसेट काढून दिली. तिने ती रामूच्या हातात ठेवली. टिक-टिक, ढिप-ढिप सुरू झालं. तो ठेका मला आजही सहन होत नाही, खोटं कशाला बोलू? पोरं नाचायला उठली नाहीत. "शांताराम" म्हणून कर्णा घुमला आणि पाटावर मंदाने मान वर केली. बापाचं नाव इतक्या मोठ्याने तिने तिच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

दमयंती सवाष्णींमधून वाट काढत थेट पाटापाशी गेली, वाटीत बोटं बुडवली आणि लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. लावता लावता ती कर्ण्याबरोबर म्हणायला लागली, "शांताराम, वर ये." आधी हळू, मग खणखणीत.

रंभाबाई धावली. तोच हात, तसाच, दमयंतीच्या तोंडाकडे निघाला.

मी तो मनगटाशी पकडला. म्हातारी कळवळली, "सोड, दुखतं." गाणं संपेपर्यंत मी तो सोडला नाही.