तात्या जिना उतरले

झुंबर सातवीपर्यंत शाळेत गेली ती बापाच्या खांद्यावर बसून.

भवानीनगरच्या पलीकडं, कॅनॉलच्या कडेला त्यांची वस्ती. झुंबर दोन वर्षांची असताना तिला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. तिच्या बापानं, जोतीरामनं, तेव्हाच ठरवलं की पोरगी घरात बसणार नाही. जोतीरामच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. मग पाणी आलं, चराऊ रानात ऊस उभा राहिला आणि मेंढरं गेली. पण दमलेलं कोकरू मानेवर कसं घ्यायचं, हे जोतीरामच्या अंगात मुरलेलं होतं. तसंच तो लेकीला घ्यायचा.

तिथून तिला सगळं दिसायचं. उसाचे तुरे, कारखान्याची चिमणी, उसाच्या बैलगाड्यांची न संपणारी रांग. गळिताच्या दिवसांत हवेला मळीचा आंबूस वास असायचा आणि वाळत घातलेल्या परकरावर काजळीचे कण पडायचे. पुढं बारामतीत राहायला गेल्यावर तो वास कधी वाऱ्यावर आला, की झुंबरला आधी बापाच्या मुंडाशाचा खरखरीतपणा आठवायचा आणि मग बाकीचं.

हायस्कूलला गेल्यावर मात्र तिनं खांदा सोडला. "आबा, आता पोरी हसत्यात," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून डाव्या गुडघ्यावर हात दाबून, एकेक पाऊल उचलत ती एसटीच्या थांब्यापर्यंत जायची. जोतीराम मागून दप्तर घेऊन चालायचा. जवळ यायची त्याला परवानगी नव्हती.

ती नववीत असताना, ब्याण्णव सालच्या थंडीत, इंदापूरला अपंगांचं शिबिर भरलं. ते भरवलं होतं विधान परिषदेचे आमदार सावळाराम तात्या यांनी. बावड्याचा माणूस, उंचापुरा, डोक्याला कोशा फेटा, आवाज असा की लाऊडस्पीकर नसला तरी चालावं. पुण्याचे डॉक्टर येणार होते. ते तपासून दाखला देणार होते, पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचं माप घेणार होते. तालुक्यातून माणसं आली. कुणी कुबड्यांवर, कुणी बैलगाडीतून, कुणी जमिनीवर हात टेकत.

आणि शिबिर होतं माडीवरच्या हॉलमध्ये.

अरुंद, उभा जिना. कार्यकर्त्यांनी माणसं उचलायला सुरुवात केली. दोघांनी बगलेत धरायचं, एकानं पाय. एका म्हाताऱ्याचं धोतर सुटलं तर लोक हसले. ते हसणं झुंबरनं ऐकलं आणि ती खालच्या पायरीवर बसली.

जोतीराम वाकला. "चल की गं. आजच्या दिवस बस पाठीवर."

"न्हाय आबा."

"अगं, डॉक्टर वर हायत."

"मग खाली येऊंद्यात. त्येंचं पाय धडधाकट हायत."

एक कार्यकर्ता ओरडला, "ए पोरी, वाट सोड! लोकांला वर जाऊंदे!"

"लोकं न्हाय चाललीत वर, पोती चाललीत," झुंबर म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आमच्यासाठी शिबिर ठिवलं, आणि ठिवलं कुठं, तर माडीवर!"

वरच्या टोकाला फेटा दिसला. जोतीरामनं चटकन हात जोडले. "तात्या, पोर अडाणी हाय, चुकली."

तात्या एकेक पायरी उतरत खाली आले. झुंबरच्या बाजूला तेवढी जागा नव्हती तरी अंग चोरून तिच्याच पायरीवर बसले. तिथून मान वर करून त्यांनी जिना बघितला. बराच वेळ बघितला.

"नाव काय तुझं?"

"झुंबर."

"झुंबर छताला टांगत्यात. तू तर खाली बसून उजेड पाडलास, पोरी." मग ते उठले आणि त्यांचा तो आवाज लागला, "डॉक्टरसाहेब! सगळं सामान खाली घ्या!"

आवारात मोठी चिंच होती. तिच्याखाली टेबलं मांडली. पहिलं टेबल एका बाजूनं तात्यांनीच धरलं होतं. फेट्याला जिन्याचं कोळिष्टक लागलेलं त्यांना कळलंच नाही.

तात्यांच्या पत्नी द्वारकाबाई बायकांत बसून सगळ्यांना चहा देत होत्या. झुंबरनं नको म्हटलं. दुसऱ्यांदाही नको म्हटलं. द्वारकाबाईंनी कारण विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "सवय न्हाय वो. शाळंच्या दिवशी मी सकाळधरनं पाणीच पीत न्हाय. पोरींच्या मुतारीला चार उंच पायऱ्या हायत, आन् धरायला काय न्हाय."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये द्वारकाबाई काय बोलल्या असतील ते आठवड्याभरात दिसलं. तात्या आधी न कळवता शाळेत आले, मुतारीच्या पायऱ्या बघून गेले आणि नागपूरच्या अधिवेशनात उभे राहिले. अपंग पोरींची शाळा का सुटते, दवाखान्याच्या दाराशी माणूस का अडतो, एसटीची पायरी गुडघ्याएवढी उंच कुणासाठी ठेवली आहे, असं त्यांनी सभागृहात विचारलं.

अधिवेशन संपल्यावर ते वस्तीवर आले. जोतीरामनं घोंगडं अंथरलं.

"मंत्री म्हनले, माहिती गोळा करायचं काम चालू हाय," तात्यांनी सांगितलं.

"म्हंजी?" जोतीरामनं विचारलं.

"म्हंजी न्हाय."

झुंबरचा चेहरा उतरला. तात्या म्हणाले, "अगं, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची लेक तू. लांडगा एकदा हाकलला म्हंजी गेला व्हय? पुढच्या अधिवेशनात पुन्हा उठतो."

आणि ते उठत राहिले. सभागृहात त्यांच्याच पक्षाची माणसं म्हणायची, तात्यांचा विषय काय विचारायला नको, पायरीच असणार. ते स्वतः हसत हसत हे सांगायचे. दरम्यान झुंबरला कॅलिपर मिळालं. पहिल्या दिवशी तिचा पाय सोलून निघाला, तरी संध्याकाळी ती गुडघ्याला हात न लावता कॅनॉलच्या पुलापर्यंत जाऊन आली. शाळेतली मुतारी पाडून नवी, सपाट जागेवर बांधली. त्यानंतर दिल्लीत अपंगांसाठी कायदा झाला, आणि जुन्या मागणीला एकदम पाय फुटले. झुंबर बारावी होऊन बारामतीला डी.एड. करत होती, तेव्हा गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्राला रॅम्प मंजूर झाला.

उद्घाटनाला मांडव, झेंडूचं तोरण, हलगी. तात्यांनी झुंबरला मुद्दाम बोलावलं होतं. भाषणात म्हणाले, "आता माणूस कुणाचा हात न धरता दवाखान्यात जाईल!" टाळ्या पडल्या. झुंबर रॅम्पकडं बघत होती. पायऱ्या होत्या तेवढ्याच जागेत सिमेंटचा उतार ओतलेला. घसरगुंडीच ती.

तात्यांनी तिला विचारलं, "कसा झालाय?"

सगळे ऐकत होते. झुंबरला एकदा वाटलं, बरा आहे म्हणावं. या माणसानं एवढं केलं, त्याचा चारचौघांत कशाला पाणउतारा करायचा? पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तात्या, आधी तुमी चढून बघा. चाकाच्या खुर्चीतनं."

इंजिनिअर पुढं झाले, "साहेब, जागा कमी होती..." तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि दवाखान्यासाठी आणलेल्या नव्या खुर्चीत ते बसले. धोतर सावरून, ताठ. दोन्ही हातांनी चाकं रेटली. खुर्ची थोडी वर गेली, थबकली आणि मग उलटी सुटली. तात्या, खुर्ची, फेटा सगळं मागं मागं येत झेंडूच्या तोरणात घुसलं. हलगीवाला बाजूला उडाला.

आणि मग झुंबरला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला तरी ते थांबेना. तात्यांनी कानावरची फुलं झटकली, तिच्याकडं बघितलं, आणि तेही हसायला लागले. खुर्चीतल्या खुर्चीत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"फोडा," हसणं आवरत ते म्हणाले. "चूक माझीबी हाय. मंजूर करून आनलं, पन कुनाला इचारलं न्हाय. नवा करताना हिला उभी करा."

दुसऱ्यांदा काम झालं तेव्हा झुंबर सुट्टीवर घरी होती. ती चालायची आणि गवंडी तिच्या मागून चुन्याची फक्की टाकत यायचा. रॅम्प लांबत गेला, वळला, नळकोंडाळ्याला वळसा घालून दारापर्यंत गेला. त्याचं उद्घाटन झालंच नाही. पहिल्यांदा त्यावरून वर गेली ती दिवस भरलेली एक बाई, पोटाला हात लावत, सावकाश. मग मोतीबिंदूवाले म्हातारे. मग पोरांनी सायकली घातल्या. चार महिन्यांत पायऱ्या होत्या हेच लोक विसरले.

अठ्ठ्याण्णव साली तात्यांची मुदत संपली. पुन्हा उमेदवारी मिळाली नाही. बावड्याच्या त्यांच्या अंगणात चपलांचा ढीग असायचा तो ओसरला. झुंबरला तोवर बारामतीजवळ शाळेत नोकरी लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत ती जोतीरामला घेऊन त्यांना भेटायला गेली. तात्या ओसरीवर एकटेच बसले होते. बघून एवढे खूश झाले की चहाही होऊ दिला नाही.

"चला, भिगवणला जाऊ. ह्या रस्त्यानं मुंबईला किती डाव गेलो, पन कधी थांबलो न्हाय."

जुनी जीप तात्याच चालवत होते. द्वारकाबाई पुढं, बापलेक मागं. हायवेवरच्या एका खानावळीत मासे तळायला सांगून, जोतीरामला तिथंच बसवून बाकीचे धरणाच्या पाण्यापाशी गेले. ऊन कलतं होतं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, एका पायावर.

तात्यांनी पाण्याकडं बोट केलं. "तितं आमचं जुनं गाव, पान्याखाली. बावड्याला आमी मागनं आलो. त्या होडीच्या अंगाला."

झुंबरला फक्त पाणी दिसलं.

"माझी चुलती आंधळी हुती," तात्या म्हणाले. "गावात तिला कधी कुनी हात द्यावा लागला न्हाय. भित्तीला बोटं लावत हिरीवर जायची, देवळात जायची. धरनाचं पानी आलं तवा समद्यांना ट्रकातनं हलवलं. नव्या गावठाणात सगळी घरं एकसारखी. ती दारावर आपटायची, पडायची, पुन्हा उठायची. म्हनायची, सावळ्या, मला आंधळी करून टाकली रं. वर्साच्या आत गेली. मी तवा धरनग्रस्तांसाठी मोर्चे काढत हुतो. घरात काय चाललंय ते बघाय सवडच न्हवती."

द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. इतकी वर्षं संसार करून त्यांनीही ही कबुली पहिल्यांदा ऐकली असावी.

झुंबर तात्यांच्या शेजारी दगडावर बसली. "तात्या, घर नेमकं कसं हुतं? दार कुठल्या अंगाला?"

तात्या सांगायला लागले. दार उगवतीला, मग ओटा, ओट्याला लागून बोळ, बोळातून हात लावत गेलं की विहीर. हवेत बोटानं ते रेघा ओढत होते आणि झुंबर एकेक वळण विचारत होती. जोतीराम खानावळीतून हाका मारत राहिला, मासे थंड व्हायला आले म्हणून. कुणीच उठलं नाही.